फौज परतली, मग यादवी थांबली का?

आमगाव तालुक्यातल्या एका खेड्यात माझे एक जुने स्नेही राहतात. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, आता चार एकर धान करतात. मी गोंदियाच्या एका महाविद्यालयात तीस वर्षे इतिहास शिकवला, त्यामुळे ते मला ‘सर’ म्हणतात आणि मी त्यांना ‘सुभेदारभाऊ’. मागच्या वर्षी मळणीच्या दिवसांत त्यांच्या अंगणात बसलो होतो. बोलणे कुठूनतरी श्रीलंकेवर आले. १९८७च्या पावसाळ्यात ते सुट्टीवर गावी आले होते; रोवणी अर्धी झाली असताना तार आली आणि पंधरवड्याच्या आत ते जाफन्यात होते. पुढची अडीच वर्षे त्यांनी तिकडे काढली. त्यांच्या तुकडीतला, शेजारच्या तालुक्यातला एक जोडीदार तिथून परत आला नाही.

“सर, एक इचारू का?” ते म्हणाले. “समदे म्हणत होते, भारताची फौज हाय म्हणून लढाई हाय. फौज काढा, शांती होईल. आमी वापस आलो. मंग लढाई काहून नाही थांबली?”

मी तेव्हा वर्गात देतात तसे काहीतरी उत्तर दिले. त्यांनी मान हलवली आणि चहा सांगितला. ती मान हलवणे समाधानाचे नव्हते, हे मला परतीच्या वाटेवर कळले. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा शोधलेले उत्तर आहे.

एखाद्या देशात यादवी पेटली आहे, तिथे परकी फौज उतरली आहे. ती फौज मागे घेतली तर यादवी मिटायला मदत होते का? व्हिएतनाम, अफगाणिस्तान, श्रीलंका अशा देशांच्या संदर्भात हा प्रश्न विचारला जातो. पण तो आपल्याही घरचा आहे. अठराव्या शतकात पुण्याच्या यादवीत परकी फौज तीनदा आली आणि तीनदा मागे फिरली. एकोणिसाव्या शतकात नागपूरच्या यादवीत ती आली आणि परत गेलीच नाही. ही दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवून पाहिली तर सुभेदारभाऊंच्या प्रश्नाकडे जाण्याची वाट सापडते, असे मला वाटते.

पुण्यातून तीन माघारी

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि चुलते रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, गादीवर आले. पुढच्या वर्षी १८ एप्रिलला नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई पुरंदरावर प्रसूत झाल्या. मुलगा झाला. सखारामबापू बोकील, नाना फडणीस आदी कारभाऱ्यांनी त्या बाळाच्या, सवाई माधवरावांच्या, नावाने राज्य चालवायचे ठरवले. एकीकडे चाळीस दिवसांच्या मुलाला पेशवाईची वस्त्रे देणारे बारभाई, दुसरीकडे मैदान गाजवलेले पण खुनाचा डाग लागलेले दादा. ही सरळसरळ यादवी होती.

दादांनी मुंबईकर इंग्रजांकडे धाव घेतली. इंग्रजांना साष्टी आणि वसई हवीच होती. डिसेंबर १७७४ मध्ये त्यांनी ठाण्याचा किल्ला घेतलाही होता. मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला. इंग्रजांनी अडीच हजार फौज द्यायची, खर्च दादांनी सोसायचा, बदल्यात साष्टी आणि वसई तोडून द्यायची. कर्नल कीटिंगची फौज दादांबरोबर निघाली आणि मे महिन्यात गुजरातेत अडासला पेशव्यांच्या सैन्याशी तिची गाठ पडली. घरच्या भांडणात परकी बंदूक शिरली ती अशी.

पहिली माघार आली ती कलकत्त्याहून. तिथल्या कौन्सिलला मुंबईकरांचा हा उद्योग मान्य नव्हता. त्यांनी कर्नल अप्टनला पाठवले आणि १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला. सुरतेचा तह रद्द झाला, इंग्रजांनी दादांचा पक्ष सोडायचे कबूल केले, साष्टी मात्र आपल्याकडे ठेवली. दादांनी फौज मोडून दरमहा पंचवीस हजार रुपये घेऊन कोपरगावी राहावे, असे ठरले. कागदावर हे उत्तम होते. पण दादांनी ते नाकारले आणि मुंबईकरांनी त्यांना आसरा दिला. पलटणी परतल्या, पण आशा परतली नाही. आपल्यामागे अजून कोणीतरी उभे आहे, हे दादांना ठाऊक होते; आणि ते दादांना ठाऊक आहे, हे पुण्याला ठाऊक होते. अशा स्थितीत कोणीच तलवार म्यान करत नाही. १७७७ साली सेंट लुबिन हा फ्रेंच माणूस पुण्यात येऊन नानांना भेटला, तेव्हा इंग्रजांना पुन्हा हात घालायला निमित्तही मिळाले.

दुसरी माघार वडगावची. १७७८ च्या अखेरीस मुंबईची फौज दादांना घेऊन बोरघाट चढली. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला. मराठी मुलखाने त्याला ‘इष्टूर फाकडा’ म्हणून लक्षात ठेवले. तळेगावापर्यंत पोचलेल्या फौजेपुढे जाळलेला मुलूख होता आणि भोवती महादजी शिंद्यांचे स्वार. ११ जानेवारी १७७९ च्या रात्री इंग्रज मागे फिरले आणि वडगावात कोंडीत सापडले. तिथे झालेल्या करारात त्यांनी १७७३ पासून घेतलेले सारे परत करायचे आणि दादांचा नाद सोडायचा, असे लिहून दिले. दादा शिंद्यांच्या ताब्यात आले.

एवढ्या पराभवानंतर तरी यादवी संपायला हवी होती. ती संपली नाही. कंपनीने वडगावचा करार झुगारला, कारण तो गळ्यावर सुरी ठेवून करून घेतलेला होता. दादा बुंदेलखंडाकडे नेले जात असताना निसटले आणि गुजरातेत जनरल गॉडर्डच्या आश्रयाला गेले. युद्ध आणखी तीन वर्षे चालले. अहमदाबाद गेले, वसई गेली, उत्तरेत ग्वाल्हेरचा किल्ला गेला. दुसरीकडे गॉडर्डलाही १७८१ साली बोरघाटातून नुकसान सोसून मागे यावे लागले. मारून हाकललेली फौज सुडाने परत येते, एवढाच वडगावचा धडा.

तिसरी माघार सालबाईची. १७८० साली हैदर कर्नाटकात उतरला होता, इंग्रज दोन आघाड्यांवर थकले होते. पुणे दरबारही थकला होता. महादजींनी आधी आपल्यापुरता इंग्रजांशी समेट केला आणि मग मध्यस्थी पत्करली. १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरजवळ सालबाई येथे डेव्हिड अँडरसन आणि महादजी यांच्यात तह ठरला. वसई आणि पुरंदरच्या तहानंतर जिंकलेला मुलूख इंग्रजांनी परत केला, साष्टी त्यांच्याकडेच राहिली. दादांना मात्र यापुढे पैशाने, फौजेने किंवा दुसऱ्या कोणत्याही मार्गाने मदत करायची नाही, असे स्पष्ट लिहिले गेले. दादांनी चार महिन्यांत राहायची जागा ठरवायची, दरबाराने दरमहा पंचवीस हजार द्यायचे. तह दोन्ही बाजूंनी पाळला जाईल याची हमी महादजींनी घेतली.

रक्कम तीच, कोपरगाव तेच. १७७६ मध्ये जे दादांनी धुडकावले ते १७८३ मध्ये त्यांनी स्वीकारले आणि त्याच वर्षी डिसेंबरात गोदाकाठी त्यांचे निधन झाले. पेशवाईच्या गादीवरून सवाई माधवरावांच्या हयातीत, म्हणजे १७९५ पर्यंत, पुन्हा यादवी झाली नाही.

तीन माघारी, एकच यादवी, त्याच व्यक्ती. इतिहासात अशी तुलना क्वचितच हाती लागते. फरक कशात होता? पहिल्या वेळी फौज गेली, पण पाठिंबा राहिला. दुसऱ्या वेळी फौज हरून गेली, तिला तह टिकवण्यात काही हित नव्हते. तिसऱ्या वेळी तीन गोष्टी एकत्र आल्या. परक्याने फौजेबरोबर पैसा आणि आसराही काढून घेतला. हरलेल्या दावेदाराला जगायला जागा आणि नेमणूक मिळाली. आणि दोघांच्याही हातात नसलेला, पण दोघांनाही मोडवत नसलेला एक हमीदार उभा राहिला. चौथी गोष्ट बहुधा गृहीत धरली जाते: फौज गेल्यावर राज्य चालवू शकेल असा कारभार पुण्यात आधीपासून होता. नाना फडणीस आवडोत न आवडोत, दफ्तर, वसुली आणि फौजेचा पगार त्यांच्या हाती चालू होता.

किंमतही विसरू नये. साष्टी गेली ती गेलीच. आणि दादांच्या मुलांना मोकळे न सोडता दरबाराने नजरेखाली वाढवले. त्यातलाच एक दुसरा बाजीराव. १८०२ च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांनी हडपसरला त्याचा पराभव केला, तेव्हा त्याने वडिलांचीच वाट धरली. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने इंग्रजांची तैनाती फौज पुण्यात आली, आणि या वेळी ती परत जायला आलेली नव्हती.

नागपूर: जी फौज गेलीच नाही

आपला गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झाला. त्याआधी, इंग्रजांच्याही आधी, हा सारा वैनगंगेचा पट्टा नागपूरकर भोसल्यांचा. त्यामुळे पुण्याची गोष्ट आपल्याला ऐकीव वाटली तरी नागपूरची घरची आहे.

दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी १८०३ च्या युद्धात कटक आणि वऱ्हाड गमावले, देवगावचा तह केला, पण इंग्रजांची तैनाती फौज नागपुरात घेण्याचे ते शेवटपर्यंत टाळत राहिले. मार्च १८१६ मध्ये ते वारले. मुलगा परसोजी शरीराने आणि मनाने दुबळा. राजवाड्यात दोन पक्ष पडले. एका बाजूला रघूजींची पत्नी बाकाबाई आणि खजिना सांभाळणारा धर्माजी भोसले, दुसऱ्या बाजूला रघूजींचा पुतण्या मुधोजी, म्हणजे आप्पासाहेब.

आप्पासाहेबांना घरच्या शत्रूंची भीती होती. रेसिडेंट जेंकिन्स वाटच पाहत होता. मे १८१६ च्या अखेरीस एका रात्री तह झाला आणि रघूजींनी तेरा वर्षे दाराबाहेर ठेवलेली फौज आत आली. तिच्या खर्चापायी साडेसात लाख रुपये दरसाल द्यायचे ठरले. आप्पासाहेबांना वाटले, ही फौज माझी. वर्षभरातच त्यांना कळले की आपण फौजेचे आहोत. १ फेब्रुवारी १८१७ रोजी परसोजी मृतावस्थेत सापडला, आप्पासाहेब राजे झाले, आणि नोव्हेंबरात ज्या फौजेला त्यांनी बोलावले होते तिच्यावरच सीताबर्डीच्या टेकडीवर त्यांनी हल्ला केला. २६ आणि २७ नोव्हेंबरची ती लढाई ते हरले. १८१८ मध्ये पदच्युत होऊन कैदेत प्रयागला नेले जात असताना ते निसटले, महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयाला राहिले आणि शेवटी जोधपूरला १८४० साली वारले.

या घटनेची झळ थेट आपल्या उंबऱ्याला लागली. गोंदियाजवळच्या कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल १८१८ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठला. कॅप्टन गॉर्डनच्या तुकडीने कामठ्याची गढी हल्ला करून घेतली आणि चिमणा पटेल पकडला गेला. आज तिकडे जाणारे बहुतेक लोक बिरसीच्या विमानतळाला जातात. रस्त्यात कामठा लागते, एवढेच त्यांना ठाऊक असते. नागपूरच्या राजवाड्यातल्या दोन पक्षांचे भांडण शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या गढीवर येऊन फुटले होते, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगत असे.

मग प्रश्न असा की नागपूरची यादवी संपली का? संपली. फौज राहिली म्हणून संपली. रघूजींचा अल्पवयीन नातू गादीवर बसवून जेंकिन्सने कारभार हाती घेतला, १८२१ मध्ये नागपूरजवळ कामठीला छावणी वसली. राजवाड्यात पुन्हा कोणी कोणाविरुद्ध शस्त्र उपसले नाही. आणि तिसरे रघूजी डिसेंबर १८५३ मध्ये औरस वारस न ठेवता वारले तेव्हा राज्यच खालसा झाले. भांडण संपले, घरही संपले.

म्हणून ‘फौज राहिली तर शांतता, गेली तर रक्तपात’ असे म्हणणाऱ्यांना नागपूर दाखवावे आणि ‘फौज गेली की आपोआप शांतता’ असे म्हणणाऱ्यांना पुरंदर आणि वडगाव दाखवावे. दोघांचेही म्हणणे अर्धेच आहे.

जाफना

सुभेदारभाऊंची सैन्यात भरती झाली कामठीलाच. परक्या फौजेने वसवलेल्या छावणीतून ते दुसऱ्याच्या देशात परकी फौज म्हणून गेले. ते हे कधी बोलले नाहीत. ही जोडणी माझी आहे.

२९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत राजीव गांधी आणि राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला. दुसऱ्याच दिवशी मानवंदना स्वीकारताना एका सिंहली नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला; ते छायाचित्र जगाने पाहिले. तमिळ प्रांतांना स्वायत्तता द्यायची, तमिळ गटांनी शस्त्रे ठेवायची आणि भारतीय शांतिसेनेने त्यावर देखरेख करायची, असा बेत होता. ज्या गटांना १९८३ पासून भारतातच प्रशिक्षण मिळाले होते, त्यांतल्याच सर्वांत कडव्या गटाशी, तमिळ वाघांशी, ऑक्टोबरात युद्ध सुरू झाले. त्या नोव्हेंबरात महार रेजिमेंटच्या आठव्या पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. तिथे प्राण देणाऱ्या भारतीय सैनिकांची संख्या सुमारे बाराशे आहे.

इथे परकी फौज एकाच वेळी दोन बंडांचे कारण सांगितली जात होती. उत्तरेत वाघ आणि दक्षिणेत सिंहली तरुणांची जनता विमुक्ती पेरामुना, दोघेही भारताविरुद्ध बोलत होते. १९८९ मध्ये नवे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा यांनी शांतिसेनेने जुलैअखेर निघून जावे, अशी जाहीर मागणी केली. त्यांनी वाघांशी बोलणी तर केलीच, शिवाय शांतिसेनेशी लढायला त्यांना शस्त्रेही पुरवली, हे पुढे उघड झाले. दिल्लीत सरकार बदलले आणि २४ मार्च १९९० रोजी शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून जहाजाने निघाली. मद्रासला उतरलेल्या जवानांच्या स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. “जहाजातून उतरलो, कोनी काही बोललं नाही,” सुभेदारभाऊ सांगतात.

माघारीचा काहीच उपयोग झाला नाही, असे म्हणणे खरे होणार नाही. दक्षिणेतल्या बंडाच्या हातातली भारतविरोधाची घोषणा माघारीच्या वाटाघाटींमुळे बोथट झाली. पण ते बंड त्यामुळे मोडले नाही. सरकारने ते अतिशय क्रूरपणे चिरडले आणि नोव्हेंबर १९८९ मध्ये त्यांचा नेता विजेवीरा मारला गेला. उत्तरेत तर उलटेच घडले. भारताच्या आधाराने उभे राहिलेले वरदराज पेरुमाळ यांचे प्रांतिक सरकार फौजेबरोबरच कोसळले. जून १९९० मध्ये, म्हणजे तीन महिन्यांच्या आत, पूर्व प्रांतात शरण आलेल्या शेकडो पोलिसांना वाघांनी ठार केले आणि युद्ध पुन्हा पेटले. मे १९९१ मध्ये राजीव गांधी, मे १९९३ मध्ये प्रेमदासा, दोघेही वाघांच्या हल्ल्यात मारले गेले. युद्ध संपले ते मे २००९ मध्ये, आणि तेही तहाने नव्हे.

सालबाईची कसोटी लावून पाहा. फौज गेली, पण कारभार चालवणारे मागे कोणी उरले नाही. हमीदार नव्हता, हमीदार व्हायला आलेला भारतच लढणारा पक्ष झाला होता. आणि पैसा, शस्त्रे व आसरा यांची वाट बंद झाली नव्हती, उलट यजमान सरकारनेच ती उघडली होती. पुरंदरच्या तहाची ही अधिक रक्ताळलेली आवृत्ती होती.

शस्त्रे आणि पैसा हेच खरे, फौज दिसायची, हे अफगाणिस्तानातही दिसते. रशियन फौज १५ फेब्रुवारी १९८९ रोजी बाहेर पडली. नजीबुल्लांचे सरकार महिनाभरात पडेल असे अनेकांना वाटले होते. ते तीन वर्षे टिकले आणि मॉस्कोची मदत थांबल्यावर एप्रिल १९९२ मध्ये पडले. त्यानंतरही यादवी चालूच राहिली, कारण दुसऱ्या बाजूंना मदत करणारे शेजारी कुठेच गेले नव्हते.

अंगणात पुन्हा

हे सगळे मी या उन्हाळ्यात सुभेदारभाऊंना सांगितले. पुस्तकी शब्द टाळून, राघोबादादांपासून सुरुवात करून. त्यांनी शांतपणे ऐकले. मग म्हणाले, “सर, त्या राघोबाले कोपरगाव भेटलं. प्रभाकरनले कोनतं कोपरगाव भेटनार होतं? तो थोडीच घेतला असता?”

प्रश्न बिनतोड होता. पेन्शन घेऊन गोदाकाठी बसणारा माणूस आणि गळ्यात सायनाइडची कुपी बांधणारा माणूस यांच्यात फरक आहे, हे मला मान्य करावे लागले. पण मी त्यांना एवढेच म्हणालो की १७७६ साली राघोबानेही घेतले नव्हते. सगळी दारे बंद झाली तेव्हाच त्याला कोपरगाव दिसले. श्रीलंकेत तुम्ही निघालात तेव्हा दारे उघडी होती, आणि ती बंद करणे जवानाच्या हातातले काम नव्हते.

“मंजे आमी वापस आलो ते चुकलं नाही?”

“चुकले नाही, भाऊ. तिथे राहून नागपूर झाले असते. चुकले ते आधीचे आणि मागचे.”

ते काही वेळ धुऱ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी त्या जोडीदाराचे नाव घेतले, त्याची आई अजून आहे म्हणाले, आणि दिवाळी झाली की तिच्याकडे आपण दोघे जाऊन येऊ, असे ठरवले. तिला काय सांगायचे ते अजून माझे ठरलेले नाही.